नागोयात आठ महिने झाले, आणि आता सगळंच नकोसं वाटतं

ताई, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला, वय ३१. घरी द्राक्षबाग आहे. इंजिनिअरिंग करून सहा वर्षं चाकणला नोकरी केली आणि गेल्या ऑक्टोबरपासून जपानमध्ये नागोयाला आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. जपानीची एन-४ परीक्षा पास होऊन आलो. पहिले दोन-तीन महिने भारी गेले. दिसेल त्याचे फोटो घरी पाठवत होतो. आता त्याच गोष्टींची चीड येते. मार्चमध्ये मी टेस्टिंगच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे तपासताना भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात, एक बदल सुचवला. साहेब ‘केंतो शिमासु’ म्हणाले, म्हणजे ‘विचार करतो’. तीन आठवडे थांबून भर मीटिंगमध्ये विचारलं, त्याचं काय झालं? सगळे गप्प. तेव्हापासून लोक माझ्याशी जपून बोलतात. इमारतीत माझी कचऱ्याची पिशवी न उचलता तिच्यावर कागद चिकटवून ठेवला होता. खालच्या मजल्यावरच्या आजी तिथेच उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. मी शाकाहारी, इथे सगळ्यात मासा. ऑफिसच्या पार्ट्यांना जाणं सोडलं. रविवारी झोपून असतो. आईला सांगतो, मजेत आहे. सप्टेंबरमध्ये बायको यायची आहे, तिला या अशा घरात काय आणू? परत येऊ का? मी कमी पडलो का?

*

कमी पडला नाहीस. हे आधी सांगते, कारण पत्रातलं शेवटचं वाक्य तू बहुतेक रोज रात्री स्वतःला विचारत असशील. मी पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले आणि १९९६ ते २००० नागोयात भाषांतराचं काम केलं. म्हणजे तुझ्याच गावात राहिले आहे. तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना?

तुझ्या पत्रात मी आधी महिने मोजले. ऑक्टोबर ते जून, आठ. नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांकडून त्याने माहिती घेतली. सहा महिन्यांच्या आत परतलेल्यांचं बरं चाललं होतं, दीड वर्षाहून जास्त राहिलेल्यांचंही बरं चाललं होतं. जड गेलं ते मधल्यांना. तू त्या मधल्या पट्ट्यात उभा आहेस. पण याचं वेळापत्रक करू नकोस. पुढे न्यूझीलंडला शिकायला गेलेल्या जपानी मुलांचा अभ्यास झाला, तो १९९८ मध्ये छापून आला, आणि त्यांना सगळ्यांत वाईट दिवस पोहोचल्यापोहोचल्याच आले होते. हो, जपानी मुलांनाच. तेव्हा हा त्रास कोणाला कधी गाठेल याचा नेम नाही, आणि दिवस जातील तसं आपोआप बरं होईल असंही मी सांगणार नाही. मी पाहिलेल्या लोकांत बरे झाले ते काहीतरी वेगळं करायला लागले म्हणून झाले. खोली, ऑफिस आणि मोबाइल या तीन ठिकाणीच राहिले, त्यांचं दोन वर्षांनीही तसंच होतं.

आता त्या मीटिंगबद्दल. तुझ्या मनातली मोठी ठेच तीच आहे.

‘केंतो शिमासु’चा शब्दकोशातला अर्थ तू बरोबर लावलास. पण आपल्याकडे मुलगी बघून गेलेली मंडळी ‘बघू, कळवतो’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आपण शब्दकोशात बघतो का? आठ दिवसांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो, आणि कोणी पत्रिका घेऊन त्यांच्या दारात भांडायला जात नाही. समोरच्याची अब्रू राखून नकार द्यायची रीत आहे ती, तुला लहानपणापासून माहीत असलेली. जपानीत याला ‘ततेमाए’ म्हणतात, बाहेर दाखवायचं बोलणं, आणि मनातलं ते ‘होन्ने’. पुस्तकांत या जोडीचं फार गूढ करून ठेवलंय. मला त्यात गूढ कधी वाटलं नाही. आपण लग्नकार्यात, भाऊबंदकीत, उसने पैसे मागायला आलेल्याशी जे बोलतो तेच हे लोक ऑफिसातही बोलतात, एवढंच.

तुझ्या साहेबांचं ‘केंतो शिमासु’ नकारच होतं असंही मला म्हणायचं नाही. कदाचित ते खरंच कोणाशी तरी बोलणार होते. पण तू भर मीटिंगमध्ये विचारलंस तेव्हा त्यांच्यापुढे दोनच वाटा राहिल्या. सगळ्यांदेखत ‘नाही’ म्हणायचं, नाहीतर कोणाशी न बोलता ‘हो’ म्हणायचं. तिथे या दोन्ही गोष्टी कोणी सहसा करत नाही. म्हणून ती शांतता. ती रागाची होती असं धरून चालू नकोस. पुष्कळदा ती ‘आता याला यातून कसं सोडवावं’ अशी असते.

तिथे एक शब्द रोज कानावर पडत असेल, ‘नेमावाशी’. ‘ने’ म्हणजे मूळ. हा शब्द मूळचा माळ्यांचा आहे. मोठं झाड दुसरीकडे हलवायचं असेल तर ते एकदम उपटत नाहीत. आधी त्याच्या भोवती खणतात, मोठी मुळं छाटतात, खोडाजवळ नवी बारीक मुळं फुटायला वेळ देतात, आणि मग हलवतात. तू बागायतदाराच्या घरचा आहेस, उपटून लावलेल्या झाडाचं काय होतं ते मी तुला काय सांगू. ऑफिसात नेमावाशी म्हणजे मीटिंगच्या आधी एकेकाला गाठणं. लाइनवरच्या जुन्या माणसाला कच्चं रेखाटन दाखवायचं, ‘यात काही अडचण येईल का?’ विचारायचं. क्वालिटीवाल्याला दाखवायचं. त्याने काढलेली खोट दुरुस्त करायची, आणि ती त्याने दाखवली हे पुढे सांगायचं. शेवटी साहेबांकडे जायचं तेव्हा चार जणांचं मत सोबत असतं. मीटिंगमध्ये नुसता शिक्का बसतो. हे हळू आहे, मलाही त्याचा कंटाळा यायचा. पण असा गेलेला प्रस्ताव एकदा पास झाला की त्याला कोणी पाय घालत नाही, हेही मी पाहिलंय.

झालेलं निस्तरता येतं. साहेब एकटे असतील तेव्हा जा आणि एवढंच म्हण, ‘सेनजित्सु वा शित्सुरेइ शिमाशिता’. परवा माझं चुकलं. कारणं देऊ नकोस, फिक्स्चरचा विषय काढू नकोस. दोन-तीन दिवसांनी विचार, ‘दारे नि सोदान शितारा ई देस का?’, कोणाचा सल्ला घेऊ? ज्याचं नाव सांगतील त्याच्याकडे जा. आणि रोजच्या कामात जरा जास्तच सांगत राहा. काय झालं, काय अडलं, उद्या काय करणार. तिथल्या ऑफिसांत नव्या माणसाला ‘होरेन्सो’ शिकवतात. कळवणं, संपर्क ठेवणं, विचारणं या तीन शब्दांची आद्याक्षरं जोडून तो शब्द होतो, आणि होरेन्सो म्हणजे पालकाची भाजी, म्हणून तो कोणी विसरत नाही. चाकणला साहेबांना सारखं विचारणारा पोरगा कच्चा समजला जातो. तिथे न विचारणाऱ्याची काळजी करतात.

यात एक गोष्ट मात्र वेगळी ठेव. जुळवून घेणं म्हणजे काहीही सोसणं नव्हे. कोणी अपमान करत असेल, जादा तासांचे पैसे बुडवत असेल, पासपोर्ट काढून घेत असेल, तर ती संस्कृती नाही, तो अन्याय आहे. जपानचा कामगार कायदा परदेशी कामगारांनाही तसाच लागू आहे आणि सरकारी कामगार खात्याची परदेशी भाषांतली मदत मिळते. तुझ्या पत्रात असं काही दिसलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असू शकेल.

आता त्या पिशवीची गोष्ट, आणि ही मला मनापासून सांगायची आहे.

नागोया शहराजवळ, समुद्राला लागून फुजिमाए नावाची चिखलाची पाणथळ आहे. दूरदेशचे पक्षी प्रवासात तिथे उतरतात. शहराची कचरा टाकायची जागा भरत आली होती आणि ही पाणथळ बुजवून तिथे कचरा टाकायचं ठरत होतं. लोकांचा विरोध झाला, आणि १९९९च्या जानेवारीत महापालिकेने तो बेत सोडला. मग कचरा टाकायचा कुठे? फेब्रुवारीत शहराने कचऱ्याची आणीबाणी जाहीर केली. मी तेव्हा तिथे होते. गल्लोगल्ली सभा झाल्या. आमच्या गल्लीच्या सभेत ऐंशीच्या घरातले आजोबा वहीत लिहून घेत होते, कोणतं झाकण कुठे आणि कोणती बाटली कुठे. दोन वर्षांत शहराचा कचरा जवळपास पावपट कमी झाला. २००२च्या नोव्हेंबरमध्ये फुजिमाए रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली.

तू निफाडचा. नांदूर मध्यमेश्वर तुझ्या तालुक्यात. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे हिवाळ्यात पक्षी बघायला तू शाळेच्या सहलीत गेला असशील. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या आजी १९९९ साली पन्नाशीच्या असतील. त्यांनी तेव्हा दुधाचे पुठ्ठी डबे धुऊन, कापून, वाळवून ठेवले, म्हणून ते पक्षी आजही तिथे उतरतात. पिशवीकडे बघणारी ती नजर मी अशी वाचेन.

शिवाय तो कागद त्यांनी चिकटवलेला नसणारच. नियमात न बसणारी पिशवी कचरा नेणारे कर्मचारी उचलत नाहीत, सूचनेचा कागद लावून तिथेच ठेवतात. त्या महिन्यात कचऱ्याची जागा सांभाळायची पाळी आजींची असेल, तर पिशवी तिथे पडून राहिल्याची जबाबदारी त्यांच्यावर आली असेल. पहिल्या वर्षी माझीही पिशवी अशीच मागे राहिली होती. मी ती गुपचूप उचलून घरात आणली आणि आठवडाभर शेजारणीला टाळलं. शेवटी तिनेच हाक मारून कोणत्या दिवशी काय टाकायचं ते लिहून दिलं.

तू हाकेची वाट बघू नकोस. नव्या घरात गेल्यावर आजूबाजूला छोटा टॉवेल किंवा गोडाचा लहान डबा घेऊन ओळख करून द्यायची तिथे पद्धत आहे. तुझी ती राहून गेली असावी. आठ महिने उशीर झाला, तरी जा. वस्तू लहानच असू दे. मोठं काही दिलंस तर परत काय द्यावं याचं त्यांच्यावर ओझं होतं, आलेल्या भेटीची परतफेड तिथे पाळली जाते. दारात सांग, मी अमक्या खोलीतला, भारतातला, कचऱ्याचं माझं चुकलं होतं, मला शिकवाल का? ‘शिकवाल का’ नक्की म्हण. मदत मागायला आपल्याला लाज वाटते. पण माझ्या तिथल्या वर्षांत सगळी खरी ओळख मदत मागण्यातूनच झाली. फुजिमाएचं नाव काढलंस तर आजी तासभर बोलतील.

आणि त्यांना विचार, इमारतीची किंवा गल्लीची भूकंपाची कवायत कधी असते. १ सप्टेंबरच्या आसपास ठिकठिकाणी असतात, १९२३च्या मोठ्या भूकंपाची आठवण म्हणून. त्याला जाच. पाण्याची बादली हातोहात देताना भाषा फार लागत नाही, आणि संकटात कोणाच्या दारावर थाप मारायची हे कळलेलं असतं.

खाण्याचं. पार्ट्यांना जाणं सोडलंस ते मला पटलं नाही, पण तुझी अडचण कळते. जो ठरवाठरवी करतो त्याला दोन दिवस आधी सांग, मी मांस-मासे खात नाही. ऐन टेबलावर सांगितलंस तर सगळ्यांचं अवघड होतं. दारूऐवजी ऊलोंग चहा मागवणारे पुष्कळ जण असतात. पहिली बैठक संपली की उठ, दुसऱ्या ठिकाणी गेलं नाही तर कोणी वाईट मानत नाही. राहिला प्रश्न रश्श्यातल्या माशाच्या अर्काचा, त्या दाशीचा. ते चालवून घ्यायचं की नाही हे तू एकदा, घरी, शांतपणे ठरव. दोन्ही निर्णयांना मी मान देईन. दर जेवणाला नव्याने ठरवत बसलास तर प्रत्येक जेवण परीक्षेसारखं होईल.

घरी मात्र स्वयंपाक कर. रविवारी झोपून राहतोस म्हणजे जेवतोस काय, हे तू लिहिलं नाहीस. तिथला तांदूळ चिकट लागतो म्हणून त्यावर राग धरू नकोस, वरणाबरोबर तो आपल्या इंद्रायणीसारखा मऊ लागतो. कबोचा म्हणजे लाल भोपळा, त्याची भाजी छान होते, घारगेही होतात. दाइकोन म्हणजे मुळा. किसून, मीठ लावून, पिळून कोशिंबीर कर. भेंडीला ते ‘ओकुरा’च म्हणतात, आणि उन्हाळ्यात ‘गोया’ दिसला तर ते कारलं. हिंग, गोडा मसाला तेवढा घरून मागव.

आणि शनिवारी सकाळी बाहेर पड. नागोयातल्या जुन्या कॉफीच्या दुकानांत सकाळी कॉफी मागवली की तिच्याच पैशांत टोस्ट आणि उकडलेलं अंडं देतात. अंडं नको म्हणून सांग. ओगुरा टोस्ट माग. भाजलेल्या पावावर लोणी आणि वर अझुकीचं, म्हणजे तिथल्या लाल कडधान्याचं, गोड सारण. पहिला घास घेतला तेव्हा मला होळीची आठवण आली होती, इतकं ते पुरणाच्या जवळचं आहे. एकच दुकान धर, एकच वेळ धर. चौथ्या-पाचव्या शनिवारी मालकीण न विचारता कॉफी आणून ठेवेल, आणि ज्या शनिवारी जाणार नाहीस त्याच्या पुढच्या वेळी विचारेल, बरं नव्हतं का? परक्या गावात आपण आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात येणं किती मोठं असतं, ते मी तिथे शिकले.

आपल्या माणसांबद्दलही लिहिते. टोकियोत निशी-कासाईला आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, त्याच एदोगावा वॉर्डच्या सभेवर २०१९ साली मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले. नागोयात तेवढा आधार मिळणार नाही. मराठी माणसं भेटली तर जरूर भेट, गणपती बसवा, पोटभर मराठी बोला. फक्त ज्या मंडळींत दर वेळी जपान्यांना नावं ठेवण्यापलीकडे काही होत नाही, तिथून जरा लवकर उठ. तिथून माणूस हलका होऊन नाही, जास्त कडवट होऊन घरी येतो.

आईशी खोटं बोलतोस. मीही बोलले होते. तेव्हा फोन महाग, कार्ड घालून तीन मिनिटं बोलायचं, खोटं बोलायला तेवढा वेळ पुरायचा. तू रात्री दहाला घरी येतोस तेव्हा निफाडला साडेसहा, दिवेलागणीची वेळ. त्या वेळी केलेला फोन आईला फार लागतो, हेही खरं. तिला सगळं नको सांगूस, पण ‘मजेत आहे’च्या जागी एक खरी गोष्ट सांग. ‘आज भाषा कळली नाही, डोकं दुखलं, पण मुळ्याची कोशिंबीर जमली.’ आयांना मजेत असलेल्या मुलापेक्षा जेवलेल्या मुलावर जास्त विश्वास बसतो. बायकोला मात्र सगळं सांग, याच आठवड्यात. सप्टेंबरला तिने विमानतळावर उतरून तुझा चेहरा बघून ओळखण्यापेक्षा हे बरं. ती येईल ती तुझं औषध म्हणून नाही. तिचेही पहिले महिने असतील, तेव्हा तू पुढे गेलेला असशील आणि ती मागे असेल. कुटुंब म्हणून आलेल्या जोडीदाराला वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. आतापासून ‘हिरागाना’, म्हणजे जपानीची पहिली अक्षरं, गिरवायला सांग. आणि घर कसं लावायचं ते तिच्याशी फोनवर ठरव. ‘अशा घरात काय आणू’ असं विचारतोस, ते घर तिलाही लावू दे ना.

परत येण्याचं. यायला काही हरकत नाही. परतलेला माणूस हरलेला नसतो, आणि बाग कुठे पळून गेलेली नाही. पण जूनमध्ये ठरवू नकोस. पावसाळी दमट हवा, घरात एकटा, ऑफिसात ठेच लागलेली, अशा महिन्यात घेतलेला निर्णय पुढे टोचतो. दिवाळीत दोघं मिळून ठरवा.

मात्र थांबायचं नाही अशी एक गोष्ट आहे. झोप-भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, सकाळी उठवत नसेल, जगणं नको असा विचार एकदाही आला असेल, तर दिवाळी नाही, उद्याच मदत घे. नागोया स्टेशनच्या एका स्टॉपवर ‘कोकुसाइ सेंता’, म्हणजे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तिथे परदेशी रहिवाशांसाठी समुपदेशनाची सोय आहे. ‘टेल’ ही संस्था १९७३पासून जपानमध्ये इंग्रजीतून फोनवर ऐकून घेते. आणि असा विचार आला असेल, तर त्या रात्री आईला किंवा बायकोला फोन लाव, वेळ बघू नकोस.

तसं नसेल तरी त्या केंद्रात जा. जपानीचे वर्ग असतात. एन-३चा अभ्यास कर, पण आधी शेजारणीशी बोलण्यापुरतं शीक.

आजींकडे गेलास की मला कळव. काय नेलंस आणि त्या काय म्हणाल्या, दोन्ही.

तुझी,
ताई